हाताचे काम, कानाचे काम
गिरणगावापासून गिरगावापर्यंत : कामाच्या सोबतीच्या गाण्यांचा शोध

काम करताना कोणते गाणे ऐकावे, या प्रश्नाला आज तयार उत्तरे पुष्कळ मिळतात. मोबाइल उघडला की 'अभ्यासासाठी', 'एकाग्रतेसाठी', 'ऑफिससाठी' अशा याद्या समोर येतात. या याद्यांना एक प्रश्न मात्र कधी पडत नाही : तुमचे काम कोणते? पापड लाटणारी बाई, कापड बेतणारा मास्तर, मुद्रिते तपासणारा माणूस आणि कारखान्यातला साचेवाला या चौघांच्या कामाला एकच गाणे कसे चालेल?

मी परळच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत साचाखात्यात होते. माझी उमेदीची वर्षे गिरगावातल्या छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेली. या विषयाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात वाचलेली पुस्तके, मिळतील ते शोधनिबंध आणि गेल्या काही वर्षांत लालबाग, परळ, दादर इथल्या कारखान्यांत बसून केलेली टिपणे, एवढीच माझी सामग्री. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

जाते आणि गिरणी

कामाबरोबरच्या गाण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा ठेवा म्हणजे जात्यावरची ओवी. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. एवढ्या ओव्या का रचल्या गेल्या, हे समजून घ्यायचे तर आधी दळण्याच्या कामाकडे पाहावे लागते.

जात्याचा खुंटा धरून हात गोल फिरतो. फेरा पुरा झाला की पुन्हा तोच फेरा. हाताला जोर लागतो, पण डोक्याला फारसे काम नसते. मूठभर धान्य तोंडाशी टाकायचे तेवढाच खंड. गाण्यातल्या ओवीला अक्षरांचे कडक बंधन नाही, ती गाता गाता लांबवता येते, आखडता येते. त्यामुळे धान्य टाकताना थांबले तरी ओवी मोडत नाही. लय जात्याची आणि शब्द बाईचे, अशी ही वाटणी होती. गाणे किती वेगाने म्हणायचे हे दळणारीच ठरवी आणि काय म्हणायचे हेही तीच ठरवी. सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल हे सगळे त्या पहाटेच्या एका तासात बोलून घेता येत असे.

होडी वल्हवणाऱ्या कोळ्यांचे किंवा ओझे ओढणाऱ्या हमालांचे गाणे याच जातीचे, पण त्याचे काम थोडे वेगळे. तिथे अनेकांचा जोर एकाच क्षणी लागायला हवा असतो. गाण्याचा ठेका तो क्षण सांगतो. गाणे चुकले तर वल्ही एकमेकांवर आपटतात. अशा ठिकाणी गाणे हे कामाचे हत्यारच असते.

मग गिरणी आली. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू केली. पुढच्या शंभर वर्षांत ताडदेव, लालबाग, परळ, शिवडी, वरळी हा पट्टा गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. मराठीने कापडाच्या कारखान्याला आणि पीठ दळण्याच्या यंत्राला एकच शब्द दिला, गिरणी. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कुटुंबांच्या बाबतीत दोन्ही गिरण्यांनी मिळून एकच गोष्ट केली. एकीने पुरुषाला शेतातून उचलून साच्यापुढे उभे केले, दुसरीने बाईच्या हातातून जाते काढून घेतले. बाईचे कष्ट हलके झाले हे खरे आणि ते व्हायलाच हवे होते. पण ज्या कामात गाणे आपोआप उगवत होते ते कामच संपले.

साचाखात्यात गाणे का नव्हते

गिरण्यांमध्ये लाखो माणसे एकाच ठेक्याच्या यंत्रांपुढे आयुष्यभर उभी होती. मग त्यांची साच्यावरची गाणी का नाहीत? गिरणगावात गाणे कमी नव्हते. भजनी मंडळे होती, शक्ती-तुऱ्याचे सामने होते, नमन-खेळे होते, लालबागला तमाशाचे हनुमान थिएटर होते, अमरशेख आणि अण्णाभाऊ साठे यांचे लालबावटा कलापथक होते. पण हे सारे पाळी सुटल्यानंतरचे.

कारण आवाजाचे आहे. विणकामाच्या खात्यात शेकडो साचे एकाच वेळी चालत. धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला आदळत जातो, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा. अशा खात्यातला आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असतो. समोरच्याशी बोलायचे तर कानाला तोंड लावावे लागते. साचेवाले हातवारे करून आणि ओठ वाचून बोलत. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या विणकरांतही अशीच ओठांची भाषा होती. दोन देशांतल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या कामगारांनी एकाच आवाजावर एकच तोड काढली.

एक आवाज दुसऱ्या आवाजाला झाकतो, हा कानाचा नियम आहे. झाकला गेलेला आवाज ऐकायचा तर तो त्याहून मोठा करावा लागतो. साच्यांच्या वर चढेल एवढे मोठे गाणे लावले असते तर कामगारांचे कान आणखी लवकर गेले असते. वडिलांना निवृत्तीनंतर बारीक आवाज ऐकू येत नसत, विशेषतः स, श, फ ही अक्षरे. मोठ्या आवाजाने आधी वरच्या पट्टीचे ऐकणे जाते आणि ही अक्षरे त्याच पट्टीत असतात. त्यामुळे त्यांना गाण्याची चाल कळे, शब्द निसटत.

साच्याच्या आवाजाला दुसरीही एक बाजू होती. अनुभवी साचेवाला डोळ्यांआधी कानाने दोष ओळखी. एखाद्या साच्याचा ठोका बदलला की धागा तुटायच्या बेताला आला आहे किंवा काही ढिले झाले आहे, हे त्याला कळे. कान हे तिथले मोजमापाचे यंत्र होते. जिथे कानच काम करतो तिथे त्याला दुसरे काम देऊन चालत नाही. हा पहिला धडा मी माझ्या वहीत लिहून ठेवला आहे.

लंडनचा अर्धा तास आणि मुंबईची कामगारसभा

कारखान्यात ठरवून गाणे पोचवण्याचा मोठा प्रयोग दुसऱ्या महायुद्धात झाला. २३ जून १९४० रोजी बीबीसीने 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला. सकाळी साडेदहाला आणि दुपारी तीनला, अर्धा अर्धा तास. वेळा मुद्दाम निवडलेल्या होत्या, कारण कंटाळा आणि थकवा पाळीच्या मधल्या भागात वाढतो. कार्यक्रमाचे नियमही ठरलेले होते. वादन सलग हवे, बोलणे जवळजवळ नको. आवाज एका पातळीवर हवा, मध्येच बारीक नको, कारण बारीक झालेला भाग कारखान्यात बुडून जातो. फार संथ चाल नको. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' हे त्या काळचे गाजलेले गाणे या कार्यक्रमात वर्ज्य होते. त्यात टाळ्यांच्या जागा आहेत आणि त्या जागी कामगार हातातले काम सोडून हत्यारे बाकावर आपटत. हा कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला.

अमेरिकेत म्यूझॅक या कंपनीने हेच जास्त हिशेबाने केले. पंधरा मिनिटांच्या तुकड्यात चालींचा जोर पायरीपायरीने वाढवत न्यायचा, मग पंधरा मिनिटे शांतता. सतत वाजणारे गाणे काही वेळाने कानाला जाणवेनासे होते आणि त्याचा परिणाम जातो, हे त्यांना उमगले होते.

आपल्याकडे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'कामगारसभा' होती. माझ्या पिढीतल्या वाचकांना तिची आठवण नक्की असेल. संध्याकाळी लागे, मराठी गाणी असत आणि नाव कामगारांचे. लंडनच्या कार्यक्रमाशी तिची तुलना केली की एक गोष्ट लक्षात येते. तिथे गाणे कारखान्यात जाई, इथे ते घरी येई. गिरण्यांची पहिली पाळी साधारण सकाळी सात ते दुपारी साडेतीन, दुसरी तिथून रात्री बारापर्यंत. संध्याकाळी पहिल्या पाळीचा कामगार घरी आलेला असे, दुसऱ्या पाळीचा साच्यापुढे असे आणि रातपाळीवाला झोपून उठत असे. म्हणजे कामगारांसाठीचे हे गाणे चालू असताना प्रत्यक्ष काम कोण करत होते?

चाळीतल्या बायका. संध्याकाळची वेळ स्वयंपाकाची. ज्यांच्या खोलीत खाणावळ होती त्यांच्याकडे गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांची जेवणे असत. पंधरा-वीस माणसांच्या भाकऱ्या थापायच्या म्हणजे दोन-तीन तासांचे एका जागी बसून करायचे काम. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या खाणावळवाल्यांना एकत्र आणले, त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे हे 'काम' आहे असे बाहेरच्यांना दिसले. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर एका इमारतीच्या गच्चीत पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभे राहिले. सकाळी भिजवलेले पीठ घरी न्यायचे, लाटून वाळवून परत द्यायचे, ही त्यांची रीत. दुपारी 'वनिता मंडळ', संध्याकाळी 'कामगारसभा', मधल्या वेळी ३ ऑक्टोबर १९५७ पासून सुरू झालेली विविधभारती. रेडिओची खरी कामगार-श्रोती ही होती, आणि कार्यक्रमाच्या नावात तिला जागा नव्हती.

भाकरी आणि पापड ही कामे जात्याच्या जवळची आहेत. हाताला लय, डोके मोकळे. ओवी ज्या जागी होती त्या जागी रेडिओ येऊन बसला. फरक एवढाच की आता चाल आणि शब्द दोन्ही बाहेरून येत होते. बाईकडे उरला होता फक्त कान पिळण्याचा, म्हणजे रेडिओचा खटका लावण्या-बंद करण्याचा अधिकार. तोही नेहमी तिच्याकडे नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. दिवसभर पुरुष घरी. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत वडिलांना संपाच्या बातम्या हव्या असत आणि आई गाण्यांच्या आधारावर लाटत असे. त्या दिवसांत घर आईच्या लाटण्यावर चालले होते. तरी रेडिओची सुई बातम्यांवरच असायची. आई म्हणत असे की गाणे नसले की पापड तेवढेच होतात, पण पाठ लवकर दुखते.

डोक्यात काय घडते

आईच्या त्या एका वाक्यात मानसशास्त्राचा बराचसा भाग आहे असे मला पुढे वाचताना वाटले. एकसुरी कामात मेंदूची जाग हळूहळू उतरत जाते. गाणे ती जाग टिकवून धरते आणि थकव्याकडचे लक्ष थोडे काढून घेते. जाग फार कमी असली तरी काम बिघडते आणि फार जास्त असली तरी बिघडते. १९०८ मध्ये येर्क्स आणि डॉडसन यांनी प्रयोगांतून मांडलेला हा विचार आजही उपयोगी आहे. काम जितके अवघड, तितकी कमी जाग त्याला मानवते. म्हणून जे जोरदार गाणे पापडाला चालते ते हिशेबाला चालत नाही.

दुसरा मुद्दा शब्दांचा. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये 'कार्यकारी स्मृती'ची कल्पना मांडली. फोन क्रमांक ऐकून तो लिहीपर्यंत आपण मनातल्या मनात घोकतो. हा घोकण्याचा पाट एकच असतो. वाचताना, लिहिताना, आकडे जुळवताना आपण तोच पाट वापरतो. १९७६ मध्ये कोल आणि वेल्श यांनी दाखवले की पाठीमागे परक्या भाषेतले बोलणे चालू असले तरी अक्षरे लक्षात ठेवणे बिघडते. म्हणजे अर्थ कळलाच पाहिजे असे नाही, बोलण्याचा बदलता आवाजच त्या पाटात घुसतो. १९८९ मध्ये सालामे आणि बॅडली यांना असे आढळले की शब्दांचे गाणे नुसत्या वादनापेक्षा जास्त अडथळा आणते.

वाचकांनी हा प्रयोग घरी करून पाहावा. कुणाला तरी आठ आकडे वाचून दाखवायला सांगा, दहा सेकंद थांबा आणि लिहा. एकदा शांततेत, एकदा पाठ असलेले मराठी गाणे लावून, एकदा नुसता तानपुरा लावून. प्रत्येक वेळी आकडे नवे घ्या आणि पाच-सहा फेऱ्या करा. तानपुऱ्याचा आवाज बदलत नाही, म्हणून तो त्या पाटाला बहुधा धक्का लावत नाही.

गिरगावच्या छापखान्यातली पद्धत याला धरूनच होती. मुद्रिते जोडीने तपासली जात. एकजण हस्तलिखित मोठ्याने वाची, विरामचिन्हांसकट, दुसरा छापील मजकुरावर नजर ठेवी. त्या खोलीत रेडिओ नसे. शेजारी बांधणीच्या खोलीत, जिथे फर्मे दुमडायचे आणि शिवायचे काम चाले, तिथे तो दिवसभर असे. मानसशास्त्राचा एकही निबंध न वाचता मालकाने आणि कामगारांनी रेडिओची जागा बरोबर ठरवली होती.

तीच वाटणी मला दादरच्या शिवणकामाच्या कारखान्यात दिसली. यंत्रावर सरळ शिलाई मारणाऱ्यांना गाणे हवे असते. कटिंग मास्तर मात्र मापे मनात धरून कापड बेततो. तो कापायला घेतो तेव्हा गाणे बारीक करायला सांगतो. परळच्या मूर्तिशाळेत घासकाम आणि रंगाचा पहिला हात चालू असताना स्पीकर मोठा असतो. गणपतीच्या डोळ्यांची आखणी सुरू झाली की कुणीतरी उठून तो कमी करतो. हा हुकूम कुणी दिलेला नसतो.

गाण्याची जाण असलेल्याची एक वेगळी अडचण आहे. ज्याला ताल कळतो तो समेची वाट पाहतो. विलंबित ख्याल चालू असला तर त्याचा अर्धा जीव त्या आवर्तनात अडकतो. साध्या श्रोत्याला जे पार्श्वसंगीत वाटते ते जाणकाराला मैफल वाटते. म्हणून 'शास्त्रीय संगीताने एकाग्रता वाढते' हे सरसकट विधान मी मानत नाही. १९९३ मध्ये मोत्सार्टचे वादन ऐकून काही विद्यार्थ्यांचे एका चाचणीतले गुण थोड्या वेळापुरते वाढल्याचे प्रसिद्ध झाले आणि त्याचा फार गाजावाजा झाला. २००१ मध्ये टॉम्पसन, शेलेनबर्ग आणि हुसेन यांनी दाखवले की तो परिणाम मनाची जाग आणि प्रसन्नता वाढल्यामुळे होता. आवडीच्या दुसऱ्या कशानेही तेच घडू शकते.

खटका कोणाच्या हातात

आता गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. लोअर परळला ज्या आवारात साचे खडखडत तिथे संगणकापुढे मुले-मुली कानात बोंडे घालून बसतात. तेरेसा लेसियुक यांनी २००५ मध्ये कॅनडातल्या संगणक-आज्ञावली लिहिणाऱ्या ५६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना हवे तेव्हा, हवे ते ऐकण्याची मुभा होती. ती मुभा काढून घेतली त्या काळात त्यांची मनःस्थिती आणि कामाचा दर्जा दोन्ही खाली आले. ही माणसे शब्दांचे आणि तर्काचे काम करत होती, म्हणजे वरच्या हिशेबाने गाणे त्यांना अडवायला हवे होते. मला याचा उलगडा असा वाटतो की ती सतत ऐकत नव्हती. अवघड जागा आली की बंद करत होती, कंटाळा आला की लावत होती.

इथेच मला या साऱ्या विषयाचे मर्म दिसते. जात्यावर निवड पूर्णपणे बाईची होती. खाणावळीत ती खटक्यापुरती उरली. मोठ्या कारखान्यांत ती मालकाच्या स्पीकरकडे गेली. दिवाळीच्या आधी शिलाईच्या कारखान्यात जलद ठेक्याची गाणी मुद्दाम लावली जातात, हे मी पाहिले आहे. नगावर मजुरी असली की हात आपोआप त्या ठेक्यामागे धावतात. त्या घाईत शिवण उसवून पुन्हा मारावी लागली तर तो वेळ कारागिराच्या खिशातून जातो. कानातल्या बोंडांनी निवड पुन्हा माणसाच्या हाती दिली, हे चांगले झाले. पण धोका वेगळ्या वाटेने आला आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबलची मर्यादा सांगते. लोकलमध्ये गाडीच्या खडखडाटावर चढवलेला आवाज ऑफिसात तसाच राहिला तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. साचेवाल्याचे कान गिरणीने घेतले. आपले कान आपणच देऊ नयेत.

म्हणून गाणे निवडण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. पहिला, या कामात कान लागतो का? यंत्राचा ठोका ऐकायचा असेल, रस्ता ओलांडायचा असेल, लहान मूल शेजारच्या खोलीत असेल, तर गाणे नकोच. दुसरा, या कामात शब्द किंवा आकडे मनात धरावे लागतात का? लागत असतील तर शब्दांचे गाणे टाळावे. शांतता उत्तम, नाहीतर तानपुरा किंवा एकसारखे संथ वादन. तिसरा, हाताला ठरलेली लय आहे का? लाटणे, निवडणे, घासणे, दुमडणे अशा कामांना ओळखीचे, शब्दांचे, मोकळ्या गळ्याचे गाणे खुशाल लावावे. वेग मात्र आपल्या हाताला सोसेल तोच निवडावा. चौथा, किती वेळ? अर्धा तास गाणे आणि मग थोडी शांतता ही जुनी रीत आजही चांगली आहे.

आणि जिथे एकापेक्षा जास्त माणसे काम करतात, अगदी घरातसुद्धा, तिथे पाचवा प्रश्न दुसऱ्याला विचारायचा असतो. या वेळी सर्वांत अवघड काम ज्याच्या हातात आहे, त्याला काय ऐकायचे आहे? बहुतेक घरांत दिवाळीच्या आठवड्यात ती व्यक्ती करंज्यांच्या ताटापुढे बसलेली असते. रेडिओ असो की मोबाइल, त्या दिवशी तो तिच्या हाताशी ठेवावा.